चाळीस एकरांतली वळणं

गवत कापणं हे काम लांबून बघणाऱ्याला सोपं वाटतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. ते सोपंच आहे. मशीनवर बसायचं, खटका ओढायचा आणि पुढे जायचं. अवघड असतं ते एवढंच, की सुरुवात कुठून करायची आणि वळायचं कुठे. या एका मुद्द्यावर दोन साडूंनी एकोणीस वर्षं भांडण चालवलं होतं, आणि ते इतकं छान चाललं होतं की ते मिटलं याचंच पुढे सगळ्यांना वाईट वाटलं.

दोघंही एका मोठ्या प्रशिक्षण केंद्रात मैदान सांभाळायला होते. तिथे कुणाला कसलं प्रशिक्षण मिळतं हे त्यांना कधी कळलं नाही. प्रशिक्षण घेऊन बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे पाहता त्यांनाही कळलं असेल असं वाटायचं नाही. पण इमारतींभोवती चाळीस एकर हिरवळ होती आणि ती वाढते, एवढं मात्र नक्की होतं. सोमवारी एका टोकाला सुरुवात करावी, शुक्रवारी दुसऱ्या टोकाला पोचावं, तर पहिल्या टोकाचं गवत मान वर काढून उभंच असायचं. जगात कायमची नोकरी यापेक्षा वेगळी काय असते?

केंद्राच्या भांडारपालाला प्रत्येकाला नाव ठेवायची सवय होती. थोरल्या साडूला त्याने भोवरा म्हणायला सुरुवात केली. थोरला मैदानाच्या कडेने पहिली फेरी मारायचा, मग तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, असं गरगरत मध्यावर पोचायचा. धाकट्याला तो ओळंबा म्हणायचा. गवंडी भिंत सरळ आहे का हे बघायला दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. धाकटा मैदान लांबीच्या बाजूने कापायचा, एक पट्टा जाताना, एक पट्टा येताना, आणि त्याचे पट्टे असे सरळ यायचे की बघणाऱ्याला आपल्याच कॉलरचं बटण लावावंसं वाटावं.

"अहो दादा, सारखं काय गोल गोल?" ओळंबा दुपारच्या डब्याला विचारायचा. "तुम्ही गवत कापताय की गवताला प्रदक्षिणा घालताय?"

"मी वळत नाही, बाबा. जातो तसा जातो. तुझं मात्र बघ, टोकाला गेलं की थांब, मागे घे, पुढे घे. नवीन नवरी पाहुण्यांसमोर चालते तसं."

"कोपरे किती येतात तुमच्या एका फेरीत? चार. ती वळणं नाहीत?"

"ती वाकणं आहेत. वळणं वेगळी."

यावर भांडारपाल दोघांना म्हणायचा, "तुम्ही एकदा तराजू आणा आणि तोलून टाका." पण तराजू कुणी आणला नाही. आणू नये, यात शहाणपण होतं, आणि ते एकट्या भोवऱ्यालाच माहीत होतं.

राहायला केंद्राचीच जोडघरं होती, मैदानाच्या कडेला, दोन घरांना मिळून एक व्हरांडा. एका दारात थोरली बहीण, दुसऱ्या दारात धाकटी. हे योगायोगाने झालेलं नव्हतं. शेजारच्या घरात नवा माणूस कामाला आला, बिनलग्नाचा आहे आणि डबा स्वतः घासतो, एवढं थोरलीने आठ दिवस पाहिलं आणि माहेरी कळवलं की स्थळ बघून ठेवलंय, घरही बघून ठेवलंय, तुम्ही फक्त तारीख बघा. ओळंबा पुढे लोकांना सांगायचा, "मला मुलगी पसंत पडली म्हणतात, पण खरं म्हणजे मी त्यांना व्हरांड्यासकट पसंत पडलो."

दोघी बहिणींनी त्या व्हरांड्यात एकोणीस वर्षं भाज्या निवडल्या. एका घरातली कात्री दुसऱ्या घरात सापडायची आणि तिसऱ्या दिवशी ती कुणाची होती हे दोघींनाही आठवायचं नाही. थोरलीला मूलबाळ नव्हतं. धाकटीची मुलगी शिकायला दूर गेली तेव्हा रडायचं काम दोघींनी वाटून घेतलं होतं, एक रडली की दुसरी गप्प करायची, मग पाळी बदलायची.

तर असं सगळं चाललेलं असताना केंद्रात नव्या प्रशासक बाई आल्या.

बाई वाईट नव्हत्या. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण अशा गोष्टींत प्रशासक आला की वाचणारा त्याच्याकडे डोळे बारीक करून बघायला लागतो. बाईंना फक्त प्रत्येक गोष्ट का केली जाते हे विचारायची खोड होती, आणि केंद्रात आजवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिसऱ्या दिवशी त्या मैदानावर आल्या. पलीकडच्या बाजूला गोल फेऱ्या दिसत होत्या, अलीकडे सरळ पट्टे.

"हे दोन प्रकार का?" त्यांनी विचारलं. "कोणता चांगला?"

भोवऱ्याने टोपी काढून डोकं पुसलं. "ते गवतावर असतं, मॅडम," तो म्हणाला. "कधी असं, कधी तसं."

असं उत्तर एखाद्या मुरलेल्या माणसालाच देता येतं. त्यात काही नसतं, आणि पुढचा प्रश्नही सुचू शकत नाही. बाई वळल्याही होत्या. तेवढ्यात ओळंबा म्हणाला, "मॅडम, कागद आहे का?"

बाईंकडे कागद कायम असायचा.

त्या संध्याकाळी ओळंब्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आकृती काढली. पुढचं मैदान दहा एकर, रुंदीच्या दुप्पट लांब. मशीनचं पातं साडेतीन फुटी. आडवं कापलं तर दोनशे सहासष्ट वळणं. उभं कापलं तर एकशे तेहतीस. फेऱ्या मारल्या तर सदुसष्ट फेऱ्या, प्रत्येकीला चार कोपरे, म्हणजे दोनशे अडुसष्ट. शिवाय फेरी मारणारा आधीच्या फेरीवर हातभर चढतो, म्हणजे कापलेलंच पुन्हा कापतो, त्या वाढीव फेऱ्या वेगळ्या. मग त्याने खालच्या बाजूला आपली खास युक्ती काढून दाखवली. पहिल्या पट्ट्यानंतर दुसरा घ्यायचाच नाही. चार सोडून सहावा घ्यायचा, मग परत दुसरा, मग सातवा. त्यामुळे मशीन ऐसपैस वळतं, मागे घ्यावं लागत नाही, आणि वळताना जमीन उकरली जात नाही. आधी दोन्ही टोकांना दोन-दोन आडवे पट्टे मारून वळायला जागा करून ठेवायची. आणि दर आठवड्याला दिशा बदलायची, नाहीतर गवत एकाच अंगावर झोपायची सवय लावून घेतं.

"हे बघ," त्याने बायकोला दाखवलं.

"छान आहे," धाकटी म्हणाली. "कुणाला द्यायचंय?"

"मॅडमना."

"भाऊजींना दाखवलंत?"

"त्यांना काय दाखवायचं? त्यांच्याविरुद्धच तर आहे."

धाकटीने कागदाकडे जरा जास्त वेळ बघितलं. पण संसारात अशा प्रसंगी बघण्यापलीकडे काही करता येत नाही असा तिचा अनुभव होता.

बाईंना कागद फार आवडला. त्यांनी तो प्लास्टिकमध्ये घालून सूचनाफलकावर लावला, खाली ओळंब्याच्या हुद्द्यासकट. ओळंबा त्या आठवड्यात सूचनाफलकासमोरून इतक्या वेळा गेला की भांडारपाल म्हणाला, "अरे, हीसुद्धा फेरीच झाली की." भोवऱ्याने कागद एकदाच वाचला. खालच्या आकृतीशी थोडा थांबला, चार सोडून सहावा पट्टा बोटाने मोजला, आणि डबा खायला गेला.

महिन्याभराने पत्र आलं. अभ्यासांती असं दिसून आलं आहे की, चाळीस एकर मैदान एका माणसाकडून कामाच्या आठ दिवसांत पूर्ण होऊ शकतं, आणि कापणीला तेवढं अंतर चालण्यासारखं आहे. सबब दुसरी जागा अतिरिक्त ठरते. जुन्या पद्धतीने काम करणाऱ्या कर्मचाऱ्याची बदली संस्थेच्या दुसऱ्या केंद्रात करण्यात येत आहे. घर महिनाअखेर रिकामं करावं. दुसरं केंद्र गाडीने नऊ तासांवर होतं. तिथे हिरवळ नव्हतीच. जुन्या कागदपत्रांचं तळघर होतं आणि तिथे बसायला माणूस हवा होता.

'अभ्यासांती' हा शब्द ओळंब्याने चार वेळा वाचला. अभ्यास कुणाचा हे लिहिलेलं नव्हतं, पण तो सूचनाफलकावर लावलेला होता.

त्या दिवशी व्हरांड्यात कुणी बसलं नाही. धाकटीने ताट वाढलं, समोर ठेवलं आणि म्हणाली, "तुमच्या हातानं गेलंय. तुमच्याच हातानं परत आणा."

"मला काय माहीत, असं होईल?"

"एकशे तेहतीस वळणं मोजता आली तुम्हाला. दोन माणसं मोजता आली नाहीत?"

ओळंब्याने ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी ओळंबा बाईंच्या खोलीत गेला आणि उभ्यानेच म्हणाला, "मॅडम, ते कागदावरचं होतं. प्रत्यक्षात नाही होत तसं. ऊन असतं, चढ असतो, मशीन तापतं. एका माणसाचं काम नाही ते."

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही चुकीची माहिती दिलीत?"

"चुकीची नाही. उत्साहाची."

बाई हसल्या. मग त्यांनी जे ठरवलं ते न्यायाला धरूनच होतं. पुढचं दहा एकर मैदान ओळंब्याने एकट्याने कापावं, सोमवार आणि मंगळवार, आठ-आठ तास. मंगळवारी पाचच्या आत पुरं झालं तर एक माणूस पुरतो. नाही झालं तर दोन लागतात, बदली रद्द. त्यांनी ते लिहूनही दिलं.

ओळंबा तो कागद घेऊन जवळजवळ पळतच घरी आला. हरायचं होतं फक्त! आयुष्यात इतकी सोपी परीक्षा कुणी दिली नसेल.

"सोपी नाही ती," भोवरा म्हणाला. रविवारची संध्याकाळ होती, दोघं मैदानाच्या कडेला मशीनचं पातं घासत बसले होते. "हळू चालवशील तू. हळू चालवलेलं दिसतं. बाई आंधळ्या नाहीत."

"मग?"

"वेग तोच ठेवायचा. रस्ता वाढवायचा. माणूस मन लावून काम करताना दिसला पाहिजे आणि काम सरलं नाही पाहिजे. कचेरीत लोक तीस वर्षं करतात, तुला दोन दिवस जमणार नाही?" त्याने काटकीने मातीत चौकोन काढला. "कडेने सुरू कर. दर फेरीला हातभर चढ. कोपऱ्यात कापायचं राहिलं म्हणून मागे घे, पुन्हा पुढे जा. आणि सकाळी दव असताना सुरू कर. ओलं गवत पात्याखाली तटतं, दर अर्ध्या तासाला उतरून साफ करावं लागतं. त्यात लबाडी नाही, ते खरंच तटतं."

ओळंबा त्याच्याकडे बघतच राहिला. "दादा, हे तुम्ही मुद्दाम करत होता? एकोणीस वर्षं?"

भोवऱ्याने पात्यावरून अंगठा फिरवून धार बघितली. "मी आलो तेव्हा आम्ही दोघं होतो. मी आणि एक म्हातारा. मी तेव्हा तुझ्यासारखंच सरळ कापायचो. चार सोडून सहावा, तेही. शुक्रवारचं काम गुरुवारी दुपारीच संपायचं. मग आम्ही झाडाखाली बसायचो. तेव्हाच्या साहेबांनी खिडकीतून बघितलं, की दोन माणसं झाडाखाली बसतात. म्हाताऱ्याला घरी पाठवलं. वर्षभराने तो गेल्याचं कळलं. कशाने गेला ते मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही." त्याने पातं उलटं केलं. "म्हाताऱ्याला पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी गोल फिरायला लागलो. सहा महिन्यांनी साहेब म्हणाले, एकट्याला झेपत नाही, दुसरा माणूस हवा. जाहिरात निघाली. तू आलास."

ओळंब्याने काटकी उचलून मातीतल्या चौकोनात एक सरळ रेघ ओढली.

"ते चार सोडून सहावा," शेवटी तो म्हणाला, "ते माझं आहे असं मला वाटत होतं."

"मीच दाखवलं तुला. पहिल्या आठवड्यात. असं कधी करायचं नाही म्हणून करून दाखवलं होतं."

"मग मला का नाही सांगितलं, का करायचं नाही ते?"

"सांगितलं असतं तर तू लपवलं असतंस. आणि तुला काही लपवता येत नाही रे. तुला साधा पत्त्यांचा डाव लपवता येत नाही."

त्या वेळी ते दोघांनाही हसण्यासारखं वाटलं.

सोमवार फार चांगला गेला. दव पडलेलं होतं, गवत तटत होतं. ओळंबा दर फेरीला हातभर चढत होता, कोपऱ्यात मागे घेत होता, उतरून पातं साफ करत होता. एकदा त्याने तेच पातं दोनदा साफ केलं आणि स्वतःवर खूश झाला. संध्याकाळी पाचला चार एकर झाले होते. व्हरांड्यात दोघी बहिणी बसलेल्या दिसल्या, त्यांच्यामध्ये भाजी निवडायचं सूप होतं. थोरलीने बांधायला काढलेली भांडी पुन्हा फळीवर लावली होती. तिने तसं करू नये असं भोवरा म्हणाला, पण रागावून म्हणाला नाही.

मंगळवारी एक वाजता सहा एकर झाले. मधे चार एकरांचं लांबट बेट उरलं होतं आणि हातात चार तास होते. फेऱ्यांनी ते सात-आठ तासांचं काम होतं. म्हणजे झालंच होतं. ओळंबा डबा खाऊन मशीनकडे आला, तर प्रशासक बाई मैदानावर उभ्या होत्या. त्यांच्याबरोबर वरच्या कचेरीतून आलेले एक तपासनीस होते. तपासनिसांच्या हातात प्लास्टिकमधला कागद होता, फलकावरून काढून आणलेला. भोवराही काही अंतरावर झाडाला टेकून उभा होता. त्या आठवड्यात त्याला दुसरं काम नव्हतं.

तपासनीस एकदा कागदाकडे बघत होते, एकदा मैदानाकडे. "हे काढलंय त्या माणसाला काम कळतं," ते बाईंना म्हणाले. ते हळू बोलले, पण मोकळ्या मैदानावर हळू बोललेलंही लांबवर ऐकू जातं. "आणि हे जो कापतोय त्याला काही कळत नाही. दोघं एक नाहीत."

"एकच आहेत," बाई म्हणाल्या.

"छे. कागद एक काढतो, नाव दुसऱ्याचं लागतं. आमच्याकडे रोज बघतो आम्ही." त्यांनी ओळंब्याला हाक मारली. "काय हो, ही आकृती तुमची नाही ना? त्या दुसऱ्या माणसाची आहे. खरं सांगा, तुम्हाला काही होणार नाही."

आता इथे एकच शब्द बोलायचा होता. 'हो, त्यांचीच.' तो खरा होता. कालपरवाच कळला होता. तो बोलला असता तर आकृती भोवऱ्याच्या नावावर गेली असती, मैदान अर्धवट राहिलं असतं, थोरलीची भांडी फळीवर राहिली असती आणि ओळंबा हा काम न कळणारा एक माणूस म्हणून आपल्या व्हरांड्यात सुखाने म्हातारा झाला असता. झाडाला टेकलेल्या भोवऱ्याने मान हलकेच वर-खाली हलवली. म्हण, म्हण.

"आकृती माझी आहे," ओळंबा म्हणाला.

"असेल," तपासनीस म्हणाले, आणि त्यांनी कागदाची घडी घालायचा प्रयत्न केला. प्लास्टिक असल्यामुळे ती झाली नाही.

त्या 'असेल'ने घात केला. तपासनीस 'नाही' म्हणाले असते तर ओळंब्याने गिळलं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी गिळल्या असत्या. पण असेल? एकोणीस वर्षं सरळ पट्टे मारलेल्या माणसाला असेल?

तो मशीनवर बसला. फेरीच घ्यायची असं त्याने ठरवलं होतं, हे त्याने पुढे धाकटीला कितीदा तरी सांगितलं आणि ते खोटं नसावं. पण मशीन चालू झालं आणि समोर ते बेट पसरलेलं दिसलं, सातशे फूट लांब, अडीचशे फुटांच्या आत रुंद, चारी बाजूंनी कापलेलं. वळायला आयती जागा. दोन दिवसांच्या गोल फेऱ्यांनी सरळ पट्ट्यांची सगळी पूर्वतयारी करून ठेवली होती. इतकी सुरेख जागा त्याच्या उभ्या नोकरीत कधी मिळाली नव्हती. त्याने पलीकडच्या टोकाला एक खांब धरला, नजर त्याच्यावर ठेवली, आणि निघाला. फक्त एक पट्टा मारून दाखवायचा, मग परत फेऱ्या.

पट्टा सरळ आला. टोकाला तो चार सोडून सहाव्यात शिरला.

भोवरा झाडापासून दोन पावलं पुढे आला. त्याने हात वर केला. हाक मारावी तर बाई शेजारी. मग त्याने तो हात डोक्यावर नेला, टोपी सारखी केली आणि घराच्या दिशेने चालायला लागला.

ओळंब्याला तो जाताना दिसला. पाचव्या-सहाव्या पट्ट्याला थांबायला हवं हे त्याच्या मनात नक्की आलं होतं. पण अर्धवट सोडलेले पट्टे हे अर्धी मिशी काढून न्हाव्याकडून उठण्यासारखं असतं. हे चार पुरे करू, म्हणजे एक भाग तरी सलग दिसेल. मग पुढचे चार. दव केव्हाच वाळलं होतं, गवत कोरडं होतं, पातं परवाच घासलेलं. घासलं होतं दोघांनी मिळून. व्हरांड्यातून मैदान सगळं दिसायचं. गोल फेऱ्यांच्या पोटात हिरव्या रंगाचे सरळ पट्टे, एक गडद एक फिका, उमटत जाताना दोघी बहिणींनी बघितले. थोरली उठून आत गेली. थोड्या वेळाने भांडी फळीवरून काढल्याचा आवाज यायला लागला.

एकोणसत्तर पट्टे. चार वाजून चाळीस मिनिटांनी शेवटचा संपला. तपासनिसांनी स्वतः येऊन हात मिळवला. "मानलं," ते म्हणाले. बाईंनी घड्याळात बघितलं, वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, "अभिनंदन. सोमवारी बरं नव्हतं का तुम्हाला?"

ओळंबा म्हणाला, "हो. बरं नव्हतं."

घरी धाकटीने भांडण केलं असतं तर त्याची तयारी होती. रस्ताभर त्याने उत्तरं जुळवली होती. ती फक्त शेजारच्या घरात जाऊन बहिणीला काचेचे पेले वर्तमानपत्रात गुंडाळू लागली, आणि त्या दिवसापासून महिनाअखेरपर्यंत बहुतेक वेळ तिथेच राहिली. ओळंब्याला भोवऱ्याशी बोलायचं होतं. काय बोलायचं ते ठरलेलंही होतं. पण भोवरा भेटला की मशीनविषयी सांगायला लागायचा: डाव्या चाकाची हवा उतरते, मागच्या उतारावर आडवं कधी जाऊ नको, पावसाळ्याआधी पातं बदल. सगळं नीट, समजावून. तेच ऐकवत नव्हतं.

जायच्या दिवशी ठरलं होतं असं, की गाडी चारला निघेल, सामान भरून झालं की चौघांनी मिळून चहा घ्यायचा, शेवटचा, व्हरांड्यात. ओळंब्याने आपलं बोलणं त्या चहासाठी राखून ठेवलं होतं. दादा, चूक झाली, एवढंच म्हणायचं, पाया पडायचं, मग त्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

दोन वाजता गाडी आली आणि दोन हमाल सामान भरायला लागले. त्यांनी आधी खुर्च्या चढवल्या. ओळंबा कडेला उभा होता. मग त्यांनी खुर्च्यांवर गादी टाकली आणि कपाट आडवं करून दारात अडकवलं.

"असं नाही, असं नाही," तो म्हणाला. "कपाट आधी, उभं, मागच्या भिंतीला. थांबा."

"राहू दे रे," भोवरा म्हणाला. "भरतील ते. आपल्याला घाई नाही."

"नाही हो दादा, त्रास होतो बघायला." त्याने बाह्या वर केल्या. कपाट मागे, पलंगाच्या फळ्या कपाटाच्या कडेने, खुर्च्या एकीत एक, त्यांच्या पोटात पेल्यांची खोकी, गाद्या सर्वांत शेवटी फटीत कोंबून. प्रत्येक वस्तू घरातून गाडीपर्यंत एकदाच यावी, कुणाचीही खेप रिकामी जाऊ नये, अशी त्याने हमालांची पाळी लावून दिली. ते सुद्धा रंगात आले. ड्रायव्हर विडी विझवून बघायला आला. "साहेब, आमच्याकडे या कामाला," तो म्हणाला. ओळंब्याला घाम आला होता आणि कित्येक दिवसांनी त्याला बरं वाटत होतं. शेवटची गादी बसली तेव्हा गाडीत बोट शिरायला जागा नव्हती.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"चला मग," ड्रायव्हर म्हणाला. "उजेडात जेवढं अंतर कापलं जाईल तेवढं बरं."

"अहो, चारला ना?" धाकटी दारात येऊन म्हणाली. तिच्या हातात पातेलं होतं.

"झालं ना भरून सगळं. थांबून काय करायचं? रस्ता नऊ तासांचा आहे, ताई."

थोरलीने बहिणीकडे बघितलं. बहिणीच्या हातात पातेलं तसंच होतं, त्यामुळे मिठी नीट मारता आली नाही. मग एकदम सगळी घाई झाली, किल्ली कुठे ठेवली, पाण्याची बाटली घेतली का, आणि थोरली पुढच्या बाजूला चढून बसलेली, धाकटी खाली उभी, अशा दोघी एकमेकींशी एकाच वेळी बोलत होत्या, त्यामुळे कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

ओळंबा खिडकीशी गेला. "दादा..."

"गाडी छान भरलीस रे," भोवरा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच छान वाटली होती.

"दादा, मी..."

ड्रायव्हरने गाडी चालू केली. भोवऱ्याने कानाला हात लावून ऐकू येत नाही असं दाखवलं, आणि मग तोच हात उंच करून हलवला.

गाडी फाटकातून वळून दिसेनाशी झाली. ओळंबा तिथेच उभा राहिला. धाकटी आत गेली. तिने चौघांच्या चहाचं पाणी मोजून पातेल्यात घेतलेलं होतं. त्यातलं अर्धं तिने मोरीत ओतलं, आणि उरलेलं गॅसवर ठेवून घड्याळाकडे बघत बसली. चार वाजायला अजून पाऊण तास होता.